निजामभाईची दुपारची गोळी

मी घोडा बोलतोय. आणि सुरुवातीलाच शपथ घेऊन सांगतो, पुढे जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर मला वाळवी लागो.

माझा जन्म लोणारच्या सरोवरातला. आकाशातून तो जगप्रसिद्ध दगड पडला तेव्हा आजूबाजूचं सगळं रान जळून गेलं, एकटं माझं झाड उभं राहिलं. त्या झाडाच्या पोटातून मी निघालो.

बरं, नाही. दगड पडला तेव्हा मी नव्हतो, माझं झाडही नव्हतं. मी मेहकरच्याच एका वखारीतल्या सागाच्या फळ्यांचा आहे, आणि खरं बोलायचं तर माझ्या दोन पायऱ्या सागाच्याही नाहीत, बाभळीच्या आहेत. वाळवीचं म्हणाल तर दर पावसाळ्याआधी मला तेल पाजतात, त्यामुळे ती तशीही माझ्या वाटेला जात नाही. तेव्हा शपथेचं फार मनावर घेऊ नका. निजामभाईचं मात्र खरं आहे.

घोडा म्हटल्यावर तुम्हाला शेपटीचा घोडा आठवला असेल. मी तो नव्हे. मी चार पायांची लाकडी शिडी. दोन बाजू वर बिजागरीने जोडलेल्या आणि मधे दोरी, पाय फाकून पडू नये म्हणून. बाजारपेठेतल्या चिंतामणशेटच्या भांड्यांच्या दुकानात माझी सारी हयात गेली. त्या दुकानात फळ्या थेट छतापर्यंत चढवलेल्या. खाली स्टील, मधे पितळ, आणि सगळ्यात वर तांब्याची घंगाळं, हंडे, आंदणाच्या मोठाल्या घागरी. गिऱ्हाइकाची एक गंमत मी जन्मभर बघत आलो. हाताशी शंभर भांडी असली तरी बोट वरच जातं. "ते नाही, ते वरचं दाखवा." म्हणून माझं पोट चाललं.

माणसं तोंडाने जे बोलतात त्यावर माझा कधी विश्वास बसला नाही. मला तळपाय कळतात. उसनवारीवाल्याचा पाय वेगळा, घरी भांडून आलेल्याचा वेगळा, काम सोडून जायचं ठरवलेल्याचा तर फारच हलका. मोतीराम म्हणून दुकानातला जुना माणूस आहे. तोंडात सुपारी, जिभेवर टोमणा. त्याचे गुडघे कधी गेले ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं.

निजामभाई माझ्यावर फारसा चढत नसे. त्याचं काम खाली, गल्ल्याशेजारच्या गादीवर. तो भांड्यांवर नावं टाकायचा. आमच्याकडे बिननावाचं भांडं दुकानाबाहेर जात नाही. एकाच्या घरी पंगत बसली की अख्ख्या गल्लीची पातेली एका चुलीवर गोळा होतात, मग कुणाचं कोणतं ते नावावरूनच कळायचं. निजामभाईच्या हातात ते विजेचं यंत्र भुंग्यासारखं गुणगुणायचं आणि अक्षरं अशी उमटायची की बायका नाव वाचायच्या आधी त्यावरून बोट फिरवायच्या. एकदा त्याने तांदळाच्या दाण्यावर सगळ्या वऱ्हाडाची नावं टाकली होती.

दाण्यावर नाही, लोटीवर. पण टाकली होती.

आता त्याच्या आजाराचं सांगतो. त्याला मिरगी होती. फिट यायची. तरुणपणी जालन्याकडे एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता, तिथे पाळीवर असताना पडला. शुद्धीवर आला तेव्हा लोक पाणी देत होते, आणि पाणी पिऊन होईपर्यंत कामही गेलं होतं. मेहकरला परत आला, यंत्र शिकला, शेटजींकडे लागला आणि तोंडाला कुलूप लावलं. अकोल्याच्या डॉक्टरांची गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळी होती म्हणून फिट नव्हती, आणि फिट नव्हती म्हणून कुणाला पत्ता नव्हता. वर्षानुवर्षं असं निभलं.

सांगून टाकावं असं त्याच्या मनात कधी आलंच नसेल असं नाही. पण एकदा दुकानासमोर मालाच्या रिक्षावाल्याला फिट आली. शेटजींनी त्याला सावलीत घेतलं, चहा पाजला. वाईट माणूस नाही तो. पण रिक्षा गेल्यावर गल्ल्यावर बसता बसता म्हणाले, "असा माणूस दुकानात ठेवला तर कठीण आहे बाप्पा. उद्या गिऱ्हाइकाच्या अंगावर हंडा पडन."

निजामभाईचं यंत्र तेव्हा चालू होतं. ते क्षणभर थांबलं आणि पुन्हा गुणगुणायला लागलं.

गेल्या दिवाळीनंतर घरी त्याला पुन्हा एकदा फिट आली. डॉक्टरांनी दुपारची गोळी वाढवली. वर ताकीद दिली, एकही वेळ चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, विहिरीच्या काठावर जायचं नाही, उंचावर चढायचं नाही. हे मला कसं कळलं? तो मला सांगायचा.

नाही, मला नव्हता सांगत. त्याची बायको ताहेराभाभी त्याला फोनवर पुन्हा पुन्हा बजावायची आणि तो मागच्या खोलीत माझ्या आडोशाला उभा राहून ऐकायचा. शेटजी जेवायला घरी गेले की तो तिथे यायचा, पाकीट कर्र करून फाडायचा, गोळी तोंडात टाकायचा आणि माठातलं पाणी प्यायचा. हिवाळाभर ती कर्र मी रोज ऐकली. तिच्यावर माझी दुपार लागायची.

मग रमजान लागला आणि ती कर्र बंद झाली.

पूर्वी दोन वेळच्या गोळीत रोजा बसायचा, पहाटे एक, सूर्य बुडाल्यावर एक. दुपारची कशी बसणार? पहिल्याच आठवड्यात ताहेराभाभी दुकानात आली. कढई बघायची म्हणून आली आणि मोतीराम गिऱ्हाइकात गुंतलेला पाहून मागच्या खोलीत शिरली. आपसात ते उर्दूत बोलतात, मी तुम्हाला आमच्या बोलीत सांगतो.

"गोळी घेतली?"

"रोजा आहे."

"बीमारले रोजा माफ आहे. मौलानासाहेबानं तुमच्या तोंडावर सांगतलं."

"मौलानासाहेबानं माफ केलं. बाजार करीन का? मी पाणी प्यालो का मोतीराम इचारीन, काऊन निजामभाई, यंदा रोजे नाही? मंग काय सांगू?"

"सांगा, पोटात आग होते."

"एक दिवस सांगन. महिनाभर?"

"मंग अकोल्याले जाऊन या. डॉक्टर येळ बदलून देईन."

"लग्नसराई आहे. सुट्टी कायच्यासाठी मागू?"

ताहेराभाभीने हातातली कढई माझ्या पायरीवर ठेवली. जोरातच ठेवली. "रातची झोप नाही, दुपारची गोळी नाही. तुम्ही रोजा धरून नाही राह्यले. तुम्ही मोतीरामले भिऊन राह्यले."

तो हसला. "कढई पाह्य. जाड बुडाची आहे."

ती कढई न घेताच गेली.

त्या दिवसापासून मी त्याच्या पायांकडे लक्ष ठेवून होतो. पहाटे सहरी खायला उठायचं, दिवसभर लग्नाच्या गर्दीत बसायचं, रात्री उशिरा पाठ टेकायची. त्याच्या डोळ्यांखाली काळं साचत गेलं. यंत्राचा आवाज मधेच चुकायचा. एखाद्या माणसाचं बोलता बोलता वाक्य हरवावं तसा.

आणि एका सकाळी ते झालं. डोणगावच्या पाटलांच्या घरी लग्न होतं, मुलीचं नाव डिंपल. आंदणाच्या परातीवर निजामभाई तिचं नाव टाकत होता आणि अचानक त्याच्या हाताला झटका बसला. यंत्राची सुई नाव सोडून परातीच्या काठापर्यंत सरकत गेली. लांब, वाकडी रेघ, जशी विंचवाची नांगी.

"काऊन निजामभाई," मोतीराम म्हणाला, "नवरीच्या नावाले शेपूट लावून राह्यले का?"

मंडळी हसली. डिंपलच्या आईला मात्र हसू आलं नाही. आंदणाच्या भांड्यावर रेघ पडली, तिच्या मनात काय आलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. शेटजींनी परात बदलून दिली, माफी मागितली, आणि मंडळी कपडे घ्यायला पुढे गेल्यावर गादीपाशी आले. निजामभाईला वाटलं, आता शिव्या. मलाही वाटलं.

शेटजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चूक माही आहे. उपाशीपोटी एवढं बारीक काम, डोळे फिरतातच माणसाचे. ईदपर्यंत नाव टाकणं बंद. मोतीरामचे गुडघे गेले, तो बसीन खाली पॅकिंगले. तुम्ही घोड्यावरून भांडे काढून देत जा. त्याच्यात काय डोकं लागते?"

"शेटजी..." निजामभाई म्हणाला.

"काय?"

मी श्वास रोखला. लाकडालाही रोखता येतो, वखारीत शिकलो. एक वाक्य होतं ते. बोलायला सोपं. पण त्या वाक्याच्या पलीकडे त्याला जालन्याच्या कारखान्याचं फाटक दिसत असणार.

"काही नाही. बरं."

असा तो गादीवरून उठून माझ्यावर आला. कुणी वैर धरून त्याला वर पाठवलं नाही. मायेने पाठवलं. हे मला आजही गिळवत नाही.

चढण्याआधी तो माझी दोरी दोनदा ओढून बघायचा. चढताना दुसऱ्या पायाचा अंगठा पायरीत रुतवायचा, पक्ष्यासारखा. मोतीराम चढायचा तेव्हा कण्हायचा, हा एकदम गप्प. आणि एकदा, मधल्या पायरीवर, हातात डब्याचं झाकण घेऊन तो थांबला. थांबला म्हणजे आतून कुणी दिवा घालवावा तसा. अंगठा सैल पडला.

"ओ निजामभाई," खालून मोतीराम ओरडला, "वरत अंडे घालून राह्यले का?"

दिवा परत आला. निजामभाईने झाकण खाली दिलं. "घालून झाले. उबवाले तुम्ही या," म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. ती लहान फिट होती. मोठीच्या आधी लहान येते, जशी वऱ्हाडाच्या आधी वाजंत्री.

शेटजींची सून रेवती त्या वेळी गल्ल्यावर होती. तीही हसली नव्हती. बिल फाडता फाडता तिचा हात थांबला आणि ती निजामभाईकडे बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, हिला काहीतरी कळतंय. पण ती सासऱ्यांच्या दुकानात बसलेली, नवी. तिने बिल फाडून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.

त्यानंतर दोन दिवसांनी डोणगावची मंडळी उरलेली खरेदी करायला परत आली. ऊन चढलं होतं. डिंपलच्या आईचं बोट वर गेलं. "ते घंगाळ. नाही, त्याच्या मांगचं. तेच मोठं."

निजामभाईने दोरी ओढून बघितली. पहिली पायरी. दुसरी. त्याचा तळपाय थंडगार होता आणि अंगठा रुतत नव्हता. त्याच्या नाकात काहीतरी जळाल्याचा वास आला असावा, कारण त्याने मान वळवून विचारलं, "काय जळून राह्यलं?" दुकानात काहीही जळत नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं. माझी दुसरी पायरी बाभळीची, तशी जुनीच. मी ती सोडली. कड् करून मोडली. निजामभाई दीड हातावरून खाली फरशीवर बसला, आणि तिथेच, जमिनीवर, सुखरूप, त्याला ती मोठी फिट आली. विश्वास ठेवा.

मग आमचा बाजार धावला. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी चप्पल हुंगवली. एकाने मुठीत किल्ल्या कोंबल्या. भांड्यांचं दुकान, चमच्यांना काय तोटा? मोतीरामने एक चमचा उचलला आणि दातांत घालायला वाकला.

"हात लावू नका त्याईले!" रेवती गल्ल्यावरून उडी टाकून आली. चमचा तिने हिसकावून फेकला, चप्पल फेकली, निजामभाईच्या मानेखाली ओढणीची घडी सरकवली आणि अंग थांबल्यावर त्याला हळूच कुशीवर वळवलं. "सरका सगळे. हवा येऊ द्या. आन् ॲम्ब्युलन्सले फोन लावा."

गर्दी सरकली. सगळीकडे भांडी लोळत होती. शेटजी गल्ल्याचा काठ धरून उभे होते, तोंड पांढरं पडलेलं.

"तुले कसं माहीत हे सगळं?" त्यांनी सुनेला विचारलं.

रेवती मान वर न करता म्हणाली, "माह्या भावाले येते. हिवरा आश्रम गावात माह्या माहेरी सगळ्याईले माहीत आहे."

"लग्नात तर तुह्या बापानं..."

"नाही सांगतलं. सांगतलं असतं तर केली असती का तुम्ही सोयरीक?"

शेटजींचा हात गल्ल्याच्या काठावरून सुटला.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "परवा तो वरत थांबला तवाच. बोलली असती तर तुम्ही इचारलं असतं, तुले कसं माहीत. म्हणून मी गप्प राह्यली."

निजामभाईने डोळे उघडले. त्याला कुठे आहे ते कळेना. मग कळलं, आणि भोवती उभा असलेला बाजार दिसला. त्याने पहिला शब्द काय काढला असेल? पाणी नाही मागितलं. म्हणाला, "शेटजी, काम..."

"अरे एवढे वर्षं," शेटजी खाली बसले. "एवढे वर्षं सांगतलं नाही राजा? मी काय हाकलून देल्लं असतं का?"

उत्तरही शेटजींनी स्वतःच दिलं. "हाव. देल्लं असतं."

एवढं बोलून त्यांनी निजामभाईचा हात हातात घेतला. "आता नाही. तुही जागा तुहीच. बसून काम कर. घोड्यावर चढणं बंद, आजपासून, जन्मभर."

पुढे ईद झाली. निजामभाई दुकानात आला, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. शेटजींनी गादीला नवा तक्क्या लावला होता. त्या दुपारी तो माठापाशी गेला नाही, तिथेच गल्ल्याशेजारी बसून सगळ्यांदेखत गोळी घेतली, आणि मोतीराम म्हणाला, "एक मलेही द्या, गुडघ्याले चालते का पाहू." सगळे हसले, मीही हसलो. मग यंत्र गुणगुणायला लागलं.

आता मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून असतो. वरच्या भांड्यांचा मोह माणसांचा सुटलेला नाही, त्यामुळे मला अजून बाहेर काढतात. नवा माणूस ठेवलाय वर चढायला. ठेवताना शेटजींनी त्याला विचारलं, "काही आजार-बिजार?" तो म्हणाला, "नाही जी." फार लवकर म्हणाला. त्याचे तळपाय मी अजून वाचतोय.

तुमचंही दुकान असेल, कचेरी असेल, कारखाना असेल. माणसाला वर चढवण्याआधी विचारा. पण असं विचारा की समोरच्याला खरं बोलणं परवडेल. नाहीतर विचारूच नका, तो खोटं बोलेल आणि तुम्हाला बरं वाटेल.

एवढं सांगितल्यावर एक कबूल करायला हवं. यातलं थोडं मी पदरचं घातलंय.

माझी पायरी मोडली नाही. या, हात फिरवून बघा, सगळ्या शाबूत आहेत. तो दुसऱ्या पायरीवर थांबला, काय जळतंय विचारलं, आणि वर चढला. मी रोज उभा राहतो तसा उभा राहिलो. फिट आली तेव्हा त्याचा हात घंगाळाला लागला होता.

कांदा खरा, चमचा खरा. रेवती बोलली ते खरं, शेटजी बोलले तेही शब्दशः खरं. पायरी तेवढी माझी, आणि पायरीच खोटी म्हटल्यावर तिच्यामागून आलेली ती शीरखुर्म्याची ईदही खोटी. निजामभाई घरी खाटेवर आहे. पडून मोडलेला उजवा खांदा जुळला, पण बोटांत पकड आली नाही. चहाचा कपही डाव्या हाताने उचलतो, असं रेवती सांगते. ती जाऊन येते अधूनमधून.

तक्क्या मात्र खरा आहे. शेटजींनी गादी तशीच ठेवली आहे, तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत. कुणी भांड्यावर नाव टाकून मागितलं की म्हणतात, "थांबा थोडे दिवस. आमचा माणूस सुट्टीवर आहे."